क्लोपिडोग्रेलवर पीआरयू २६४, जनुकीय रिपोर्ट *२/*२ : डोस दुप्पट करू की औषध बदलू?

तालुका_फिजिशियन

पेशंट पुरुष, वय ६१, वजन ५६ किलो, मधुमेह. १८ दिवसांपूर्वी अँटिरिअर वॉल एमआय (हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका), एलएडीत (हृदयाच्या पुढच्या धमनीत) एक औषधी स्टेंट. चालू औषधे: क्लोपिडोग्रेल ७५ (स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून प्लेटलेट रोखणारे), ॲस्पिरिन ७५, अटोरव्हास्टॅटिन ८०, मेटोप्रोलॉल, रामिप्रिल, मेटफॉर्मिन. शिवाय ‘गॅसची गोळी’ म्हणून दुकानातून ओमेप्राझोल २० रोज उपाशीपोटी. पक्षाघात, टीआयए (थोड्या वेळात बरा होणारा पक्षाघात), रक्तस्राव यांचा इतिहास नाही. हिमोग्लोबिन ११.४, क्रिएटिनिन १.१.

छातीत दुखत नाही, ईसीजीत नवीन बदल नाही. मुलाने परस्पर दोन तपासण्या करून आणल्या आहेत. सीवायपी२सी१९ (क्लोपिडोग्रेल सक्रिय करणारे एन्झाइम) च्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी, *२/*२, म्हणजे ‘पुअर मेटाबोलायझर’, आणि व्हेरिफाय-नाऊ या प्लेटलेट तपासणीवर पीआरयू (जास्त म्हणजे औषधाचा परिणाम कमी) २६४.

प्रश्न तीन. (१) क्लोपिडोग्रेल १५० केले तर भागेल का? (२) बदलायचे तर टिकाग्रेलॉर की प्रासुग्रेल (दोन्ही प्लेटलेटरोधकच), आणि लोडिंग डोससह (सुरुवातीचा एकच मोठा डोस) की थेट? (३) यापुढे प्रत्येक स्टेंटवाल्याची ही तपासणी करायची का?

कॅथलॅब_नाशिक

१५० ने भागणार नाही. एलिव्हेट-टिमी ५६ (२०११) या चाचणीत नेमके हेच तपासले होते. *२ ची एकच प्रत असलेल्यांना इतरांच्या ७५ मिग्रॅइतका परिणाम मिळवायला रोज २२५ मिग्रॅ लागले. दोन्ही प्रती *२ असलेल्यांत ३०० मिग्रॅवरही तेवढा परिणाम आला नाही. तुमचे पेशंट दुसऱ्या गटातले. ग्रॅव्हिटास (२०११) मध्ये पीआरयू जास्त आलेल्यांना पुन्हा लोडिंग देऊन रोज १५० चालू ठेवले, तरी सहा महिन्यांत मृत्यू, एमआय आणि स्टेंट थ्रॉम्बोसिस मिळून दोन्ही गटांत २.३ टक्केच राहिले. डोस दुप्पट करण्याची सवय आपल्याकडे अजून सुटत नाही, पण तिला आधार नाही.

यांना टिकाग्रेलॉर. एमआयला ३० दिवस झालेले नाहीत, त्यामुळे शेवटची क्लोपिडोग्रेल कधी घेतली हे न पाहता १८० मिग्रॅ लोडिंग, आणि १२ तासांनी ९० मिग्रॅ, मग ९० दिवसातून दोनदा. ३० दिवस उलटून गेले असते तर लोडिंग न देता क्लोपिडोग्रेलच्या शेवटच्या गोळीनंतर २४ तासांनी थेट ९०-९० सुरू करतात. ॲस्पिरिन ७५ वरच ठेवा. १०० च्या वर गेले की टिकाग्रेलॉरचा फायदा कमी होतो.

प्रासुग्रेल चुकीचे नाही. आयसार-रिॲक्ट ५ (२०१९) मध्ये तर ते टिकाग्रेलॉरपेक्षा सरस ठरले. पण वजन ६० किलोच्या आत असेल तर रोजचा डोस १० ऐवजी ५ मिग्रॅ, आणि पूर्वी पक्षाघात किंवा टीआयए झाला असेल तर अजिबात नाही. हा शेवटचा प्रश्न नातेवाइकांनाही विचारा. ‘तोंड वाकडं झालं होतं, दोन तासांत बरं झालं’ हे पेशंट आपण होऊन सांगत नाही.

बदल करण्याआधी स्टेंट टाकणाऱ्यांना एक फोन करा. स्टेंट पुरता फुलला होता का, बायफर्केशन (धमनीचा फाटा) होते का, हे त्यांनाच ठाऊक. स्टेंट कमी फुगला असेल तर कुठलीही गोळी ते भरून काढत नाही.

फार्माकॉलॉजी_मॅडम

ओमेप्राझोलकडे दुर्लक्ष नको. क्लोपिडोग्रेल हे प्रोड्रग आहे, म्हणजे शरीरात गेल्यावर सक्रिय होणारे. पोटात गेलेल्यातले सुमारे ८५ टक्के एस्टरेज नावाची एन्झाइम्स निकामी करून टाकतात. उरलेल्याचे यकृतात दोन टप्प्यांत सक्रिय रूप बनते आणि दोन्ही टप्प्यांत सीवायपी२सी१९ लागते. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल हेच एन्झाइम अडवतात. ज्यांच्याकडे ते जन्मतःच चालत नाही त्यांच्यात ओमेप्राझोलने आणखी फारसे बिघडत नाही, पण एकच *२ प्रत असलेल्याला ही गॅसची गोळी पुअर मेटाबोलायझरच्या गटात ढकलू शकते. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर पॅन्टोप्राझोल ४० किंवा रॅबेप्राझोल द्यावे. ॲस्पिरिन आणि दुसरे प्लेटलेटरोधक अशा दुहेरी औषधांवर पोटाचे संरक्षण हवेच, ते बंद करू नका. बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल दिले तरी हाच अडथळा येतो.

टिकाग्रेलॉरला यकृतात सक्रिय व्हावे लागत नाही, ते थेट पी२वाय१२ वर (प्लेटलेटवरचा रिसेप्टर) बसते. म्हणून जनुकाचा प्रश्न सुटतो, पण सीवायपी३ए४ (टिकाग्रेलॉर मोडणारे एन्झाइम) चा सुरू होतो. ॲसिडिटीसाठी कोणी एच. पायलोरीची (पोटातल्या जंतूवरची) किट लिहिली तर त्यात क्लॅरिथ्रोमायसिन असते, ते टिकाग्रेलॉरसोबत वर्ज्य. उलट टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झाले तर टिकाग्रेलॉरची पातळी इतकी घसरते की ते घेणे न घेण्यासारखेच. अटोरव्हास्टॅटिन चालते, सिम्व्हास्टॅटिन ४० च्या वर नको.

केमिस्ट_दादा

काउंटरवरची बाजू सांगतो. यांच्याकडे क्लोपिडोग्रेल सुटी आहे की ॲस्पिरिनसोबतची कॅप्सूल, ते पाकीट बघून ठरवा. कॅप्सूल असेल तर डॉक्टर टिकाग्रेलॉर लिहितात, घरी जुनी कॅप्सूलही चालूच राहते आणि पेशंट तीन रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर जातो. ७५/१५० वाली कॅप्सूल असली तर ॲस्पिरिनही १५०. चिठ्ठीवर ‘जुनी कॅप्सूल बंद’ असे ठळक लिहा, आणि ॲस्पिरिन ७५ वेगळे लिहा.

दुसरे, गोळ्या मोजा. डिस्चार्जची तारीख, घेतलेल्या पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्या यांचा हिशेब जुळतो का बघा. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण औषध नीट घेतच नसतात. टिकाग्रेलॉर दोन वेळा असल्याने संध्याकाळची चुकते. रात्रीच्या जेवणाशी जोडून द्या.

गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतात का तेही विचारा. ते ॲस्पिरिनच्या आधी पोटात गेले तर ॲस्पिरिनला जागाच मिळत नाही. साधी ॲस्पिरिन असेल तर ती आधी, आणि आयब्युप्रोफेन किमान अर्ध्या तासाने. त्यापेक्षा पॅरासिटामॉल बरे.

पॅथॉलॉजिस्ट_पुणे

२६४ हा आकडा जरा जपून वाचा. २०८ च्या वर म्हणजे औषध कमी लागू पडतेय असे धरतात, पण हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) कमी असला की पीआरयू वाढलेला दिसतो, आणि यांचे हिमोग्लोबिन ११.४ आहे. सुई टोचल्यावर पहिले दोन मिली रक्त टाकून द्यायचे, नमुना ३.२ टक्के सायट्रेटच्या निळ्या झाकणाच्या नळीत खुणेपर्यंत भरायचा, हळू उलटसुलट करायचा आणि चार तासांत मशीनवर लावायचा. कुरिअरने आलेला नमुना असेल तर रिपोर्ट बाजूला ठेवा. कॅथलॅबमध्ये टिरोफिबान (शिरेतून द्यायचे प्लेटलेटरोधक) दिले असेल तर पहिले ४८ तास ही तपासणी निरर्थक, पण इथे ती मुदत केव्हाच संपली. जनुकीय रिपोर्टला यातले काही लागू नाही. तो आयुष्यभराचा, पुन्हा करायची गरज नाही.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत: सरसकट नको. *२ ची किमान एक प्रत आपल्याकडे निम्म्याच्या आसपास लोकांत सापडते, दोन्ही प्रती सुमारे दहातल्या एकात. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये क्लोपिडोग्रेलवर याबाबतची चौकटीतली सूचना घातली. पण ग्रॅव्हिटास, आर्क्टिक (२०१२), अँटार्क्टिक (२०१६) या तिन्हींत पीआरयू बघून औषध बदलल्याने पेशंटचे भले झाले नाही. टेलर-पीसीआय (२०२०) मध्ये जनुक बघून दिलेल्या उपचाराकडे कल दिसला, एमआयसारख्या घटना ४.० विरुद्ध ५.९ टक्के, पण तो सांख्यिकीत बसला नाही. एमआयच्या पेशंटला बहुधा टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेलच द्यायचे असते, मग तपासणीचा उपयोग काय? क्लोपिडोग्रेल घेत असताना स्टेंट बंद पडला, किंवा खर्च वा रक्तस्रावामुळे क्लोपिडोग्रेलवर आणायचे आहे, तेव्हा मात्र जनुकीय रिपोर्ट कामाचा.

तालुका_फिजिशियन

सर्वांचे आभार. कॅप्सूलच निघाली, ७५/७५. एक शंका: टिकाग्रेलॉरने धाप लागली तर काय करू? हार्ट फेल्युअर समजून सगळे बंद करणारे पेशंट असतात.

कॅथलॅब_नाशिक

प्लेटो चाचणीत (२००९) धाप १३.८ टक्के जणांना लागली, क्लोपिडोग्रेलवर ७.८ टक्क्यांना, पण त्यासाठी औषध सोडावे लागले एक टक्क्याहून कमी लोकांना. बहुतेकांना ती सुरुवातीच्या दिवसांत येते, बसल्या जागी, ‘श्वास पुरा भरत नाही’ अशी, आणि पुढे बरीचशी कमी होते. ऑक्सिजन उतरलेला नाही, पाय सुजले नाहीत, फुप्फुसे स्वच्छ आहेत आणि ईसीजी तोच आहे, एवढे बघा. शंका राहिली तर इको. नाडी ५० च्या खाली नाही ना तेही बघा, मेटोप्रोलॉल चालू आहेच.

अगदीच सोसत नसेल तर यांना परत क्लोपिडोग्रेलवर आणू नका, *२/*२ आहेत. टिकाग्रेलॉरच्या शेवटच्या गोळीनंतर २४ तासांनी प्रासुग्रेल ६० लोडिंग आणि मग रोज ५ मिग्रॅ. कार्डावर लाल शाईत लिहा, ‘क्लोपिडोग्रेल लागू पडत नाही’. दात काढायला गेले की पहिली टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेलचीच गोळी कोणीतरी बंद करतो, तेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा: एका दाताला बंद करायची नाही, आणि मोठ्या शस्त्रक्रियेआधी आम्हाला विचारल्याशिवाय नाही.