हिवाळ्यासाठी रोड बाइकची चाकं: परवडणारी आणि टिकणारी कोणती घ्यावी?

एरंडोलचा मास्तर

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली, सकाळी गारवा सुटला, आपल्याकडचा सायकलचा खरा हंगाम सुरू झाला, आणि नेमकं माझं मागचं चाक त्रास द्यायला लागलंय.

सायकल सेकंडहँड घेतलेली. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, रिम ब्रेक, शिमानोचे सोरा गिअर, मागे ९ स्पीड. चाकं मूळचीच, पुढे २० आणि मागे २४ तारा. माझं वजन ८४ किलो, शाळेच्या दिवशी कॅरिअरला वह्यांची पिशवी असते. रोज धरणगाव, रविवारी पारोळ्यावरून धुळ्याच्या दिशेने. मागची एक तार तुटली, बदलली, थोड्याच दिवसांत शेजारची गेली. दोन्ही गिअरच्या बाजूच्या. चाकाचा आउट काढून आणला की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा ब्रेकला घासतं. शिवाय ब्रेकचं रबर जिथे लागतं तिथे रिम बोटाला खोलगट लागतेय.

जानेवारीत २०० किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करायची आहे. बजेट टायर सोडून १२ हजार. तयार जोडी घ्यावी की हब (चाकाचा मधला गाभा) आणि रिम वेगळे आणून चाक बांधून घ्यावं? 'हिवाळी चाकं' म्हणून शोधलं तर सगळे सल्ले विलायतेतले निघतात. आपल्या रस्त्यांवर चालवणाऱ्यांनी सांगावं.

पांझराकाठ, धुळे

मास्तर, आधी महत्त्वाचं. रिम खोलगट लागत असेल तर त्या चाकावर आता घाट उतरू नका, लळिंगचाही नको. ब्रेकचं रबर दर वेळी रिमची भिंत थोडी थोडी खात असतं. आतून टायरच्या हवेचा दाब, बाहेरून घासून पातळ झालेली भिंत. ती एक मिलिमीटरच्या खाली गेली की कधी फाटेल सांगता येत नाही, आणि फाटते ती बहुधा जोरात ब्रेक दाबल्यावर. स्टीलची पट्टी रिमच्या कडेला उभी धरा. मधून उजेड स्पष्ट दिसला तर रिम संपली. बऱ्याच रिमांवर बारीक खाच किंवा टिंब असतं, ते पुसलं गेलं असेल तरी तेच समजायचं.

मी एसटीच्या वर्कशॉपला नोकरी केली, निवृत्तीनंतर घरी चाकं बांधतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विलायतेत हिवाळा म्हणजे पाऊस, चिखल, आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ. मिठाने निपल, म्हणजे रिमपाशी तार आवळायचे छोटे नट, गंजतात, हबमध्ये पाणी शिरतं, म्हणून तिथले लोक चांगली सायकल घरात ठेवतात आणि हिवाळ्याला मडगार्डवाली दुसरी काढतात. आपला हिवाळा कोरडा. धुळ्यात पारा सहा-सातवर उतरला तरी रस्ता खडखडीत असतो. आपल्या चाकाचे वैरी वेगळे: धूळ, काटे, कामं चालू असलेल्या महामार्गाची खडी, आणि कापसाच्या व उसाच्या ट्रॉल्यांनी कडा तोडलेले गावरस्ते. अवकाळी पाऊस झाला तर काळ्या मातीचा लगदा ब्रेकमध्ये बसतो, तेवढाच काय तो चिखल.

त्यामुळे तुम्हाला वजनाने हलकं चाक नको, जास्त तारांचं हवं. ८४ किलो आणि वर पिशवी, मागे २४ तारा कमीच पडतात. लोकांना वाटतं तार जास्त ताणल्यामुळे तुटते. बहुतेक वेळा उलट असतं. चाक फिरताना खालची तार क्षणभर सैल होते, वर जाताना पुन्हा ताणली जाते. मुळातच ताण कमी असेल तर हा हिसका मोठा बसतो आणि हबपाशी जिथे तार वाकलेली असते तिथे ती थकून तुटते. तारा जास्त असल्या की ओझं वाटलं जातं. आणि ३२ तारांच्या चाकाची एक तुटली तर ब्रेक थोडा सैल करून घरी येता येतं. २४ वाल्याला तेवढ्यात रिम ब्रेकला अडकते. रात्री पारोळ्याच्या पुढे असाल तर हा फरक कळतो.

मी तुमच्यासाठी असं बांधीन: मागेपुढे ३२ भोकांची साधी अ‍ॅल्युमिनियम रिम, आतली रुंदी १७-१८ मिलिमीटर, शिमानोचे टियाग्रा दर्जाचे हब, पितळी निपल, तारा तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाणारी. अ‍ॅल्युमिनियमचे निपल हलके असतात, पण काही वर्षांनी जाम होतात आणि पान्याखाली गोल होतात. तारा मधे बारीक केलेल्या मिळाल्या, टोकांना २.० आणि मधे १.८ मिलिमीटरच्या, तर त्याच घ्या. त्या किंचित लवचिक असतात, हिसका पचवतात.

हब मागवताना मागची रुंदी १३० मिलिमीटर आहे ना ते पाहा. १३५ आणि १४२ डिस्क ब्रेकवाल्यांचे असतात. हब ११ स्पीडचा आला तरी घाबरू नका. तुमची ९ ची कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच) बसते, फक्त तिच्या मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी, टाकायचा.

केळीवाला, यावल

काकांचं बाकी सगळं पटलं, हब सोडून. शिमानोच्या हबमध्ये सुटे छर्रे आणि ते ज्यावर फिरतात ते कोन असतात. आमच्या केळीच्या भागातली पिठासारखी धूळ महिन्यात आत जाते. छर्रे आत बंद असलेला, सील्ड बेअरिंगचा हब घ्या, बघायचं कामच नाही. माझ्याकडे तसाच आहे, पाल आणि मनुदेवीच्या बाजूला कच्च्यातून जातो, अजून कुरकुर नाही.

पांझराकाठ, धुळे

केळीवाले भाऊ, सील्ड चांगलेच असतात, वाद नाही. पण विकत घेण्याआधी आत कोणत्या नंबरचं बेअरिंग आहे ते विचारायचं. ६००१ किंवा ६०८ असेल तर पंप-मोटारीच्या कुठल्याही दुकानात, अगदी तालुक्याला मिळेल. ६९०२ सारखं पातळ असेल तर मागवावं लागतं, आणि ते काढा-बसवायला पुलर लागतो. हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग नवीन असूनही खराब होतं.

छर्‍याचा हब मास्तर स्वतः उघडू शकतात. १३ आणि १५ नंबरचे पातळ पाने, ग्रीस, चिंधी, एवढ्यावर काम होतं. मागे पाव इंचाचे नऊ-नऊ छर्रे, पुढे ३/१६ चे दहा-दहा. सायकलच्या दुकानात मिळतात. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा उघडून पुसलं की पुरे. फक्त कोन करकचून आवळायचा नाही. चाक दाबून बसवल्यावर अगदी किंचितही खेळ राहू नये, पण आस बोटांनी फिरवला तर मऊ फिरला पाहिजे. कोनला खड्डे पडले की बदलता येतो, हबमधली वाटी बदलता येत नाही, म्हणून ग्रीस संपू द्यायचं नाही. आळस करणाऱ्याने मात्र सील्डच घ्यावा, तिथे तुमचं बरोबर आहे.

सातपुड्याची ताई, शहादा

तयार जोडीबद्दल कुणी बोललं नाही. मी तोरणमाळचा घाट तयार जोडीवरच चढते-उतरते, पण माझं वजन ५४ किलो आहे आणि सामान काही नाही. मास्तरांनी बांधूनच घ्यावं. तयार जोडीतल्या काही चाकांना सरळ डोक्याच्या किंवा वेगळ्याच लांबीच्या तारा असतात. त्यातली एक तुटली तर नंदुरबारपर्यंत शोधूनही मिळत नाही. साध्या वाकड्या डोक्याची तार कुठेही मिळते.

आणि टायर बजेटबाहेर ठेवलाय, तो आत घ्या. हिवाळ्यात शेतं रिकामी होतात, बांधावरचे सराटे वाळून रस्त्यावर येतात, कुंपणाला वेडी बाभूळ तोडलेली असते. चाक कितीही भारी असलं तरी पंक्चर झालं की रस्त्याकडेलाच बसायचंय. फ्रेममध्ये २८ मिलिमीटर रुंदीचा टायर बसतो का ते आधी पाहा, ब्रेकच्या कमानीखाली आणि मागे दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर मोकळी जागा हवी. खालून पट्टा असलेला जाड टायर घ्या, गेटरस्किनसारखा. घरी आल्यावर टायर हाताने फिरवून काटे उपटायचे. आज नुसता टोचलेला काटा उद्या ट्यूबपर्यंत जातो.

एरंडोलचा मास्तर

सगळ्यांचे आभार. पट्टी लावून पाहिली. मागच्या रिमला उजेड दिसतोय, चाक काढून ठेवलं. पुढची बरी आहे. काका, मग आत्ता फक्त मागचं बांधलं तर? उरलेल्या पैशात २८ चे दोन टायर बसतील. ताई, मोजलं, पुढे-मागे जागा आहे.

पांझराकाठ, धुळे

जमी जाई भाऊ. तेच करा. शरीराचा जास्त भार मागच्या चाकावर असतो, पुढे २० तारा तुमच्या वजनाला चालून जातील. फक्त पुढच्या रिमचीही पट्टी दर महिन्याला लावत जा. ब्रेकच्या रबरात चमकणारे अ‍ॅल्युमिनियमचे कण अडकलेले दिसले तर सुईने काढा, तेच रिम खातात. रबर कडक, काचेसारखं झालं असेल तर बदला.

रिम आणि हब एकाच वेळी मागवा, तारा मात्र नको. तारेची लांबी रिमच्या आतल्या व्यासावर आणि हबच्या कडेवर ठरते, मागे दोन्ही बाजूंची वेगळी निघते. दोन्ही वस्तू हातात आल्या की इकडे घेऊन या, मोजून मग तारा सांगू. रविवारी येत असाल तर सकाळी आठनंतर या, त्याआधी मी फागण्याच्या बाजूला सायकलवर असतो. बांधल्यावर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा एकदा आणायचं, तारा बसतात आणि थोडा आउट येतो. म्हणून ब्रेवेच्या आदल्या आठवड्यात नवीन चाक नको, डिसेंबर संपायच्या आत तयार पाहिजे.