बेघरांच्या प्रश्नाचा परिसरावर परिणाम : महासभेसाठी अहवाल कसा करावा?

प्रभाग_लेखनिक : महासभेने ‘बेघरांमुळे परिसरावर होणारा परिणाम’ यावर अहवाल मागवलाय. शहराची लोकसंख्या सुमारे 5 लाख. हाताशी तक्रार प्रणालीतल्या नोंदी (पुलाखालची घाण, अडलेले फुटपाथ) आणि निवारा केंद्राचं हजेरी रजिस्टर आहे. एवढ्यावर भागेल का?

रात्रमोजणी : नाही भागणार. तक्रारी जास्त तिथून येतात जिथे तक्रार करणारे राहतात. बेघर किती, हे त्यातून कळत नाही. आणि रजिस्टरात फक्त आत आलेले.

मोजणी करा, तीही सगळ्या प्रभागांत एकाच रात्री. दोन रात्रींत विभागली की पोलिसांनी इकडून उठवलेली माणसं तिकडे पुन्हा मोजली जातात. रात्री 11 नंतर निघा. 9 वाजता फेरीवाले आणि गाडीची वाट पाहणारे प्रवासीही आकड्यात शिरतात. प्रत्येक पथकात एक स्त्री हवीच. बायका दवाखान्याच्या आवारात, देवळामागे, आडोशाला झोपतात आणि पुरुषांच्या पथकाकडून सुटतात. झोपलेल्याला उठवू नका. अंदाजे वय, स्त्री की पुरुष, एकटा की कुटुंब एवढंच लिहा. बाकी विचारपूस पहाटे, माणसं कामाला निघण्याआधी. दिवाळीत मोजू नका, बरेच जण गावी गेलेले असतात.

रेल्वे फलाट ‘आपल्या हद्दीत नाही’ म्हणून हमखास गाळतात. जनगणनेच्या व्याख्येत फलाट, ह्यूम पाइप (सिमेंटचे मोठे नळ), पुलाखालची जागा सगळं येतं. स्टेशन प्रबंधक आणि रेल्वे पोलिसांना आधी पत्र द्या.

समूहसंघटक : विषयाच्या मथळ्यातच दोष बेघरांवर ढकललाय, तो अहवालात तरी दुरुस्त करा. उघड्यावरच्या शौचाच्या तक्रारीशेजारी तीन रकाने घाला : सर्वांत जवळचं सार्वजनिक शौचालय किती मीटरवर, रात्री किती वाजता कुलूप लागतं, पैसे किती. बहुतेक तक्रारींचं उत्तर तिथेच सापडेल.

पहिल्या पानावर निवाऱ्याची तूट द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार दर 1 लाख शहरी लोकसंख्येमागे 100 जणांचं एक केंद्र, बारा महिने, चोवीस तास. म्हणजे तुम्हाला 5 केंद्रं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाचा (ते 2024 मध्ये संपलं) निकष माणशी 50 चौरस फुटांचा होता, तेव्हा खाटांच्या संख्येवर समाधान मानू नका, जागा मोजून घ्या.

अतिक्रमण विभागाच्या कारवाईचाही रकाना हवा. अंथरुणाबरोबर आधार कार्ड आणि औषधंही ट्रकमध्ये जातात. क्षयरोगाचा सहा महिन्यांचा उपचार मध्येच तुटला, तर तो धोका साऱ्या वस्तीला आहे. बेवारस मृतदेहांचा आकडा मात्र ‘बेघरांचे मृत्यू’ म्हणून देऊ नका. त्यांत अपघातातले अनोळखी लोकही असतात.

प्रभाग_लेखनिक : नगरसेवक झोपण्याच्या ठिकाणांची यादी परिशिष्टात मागताहेत. द्यावी का?

समूहसंघटक : नको. ती यादी हटवण्याच्या मोहिमेला लगेच वापरली जाईल. प्रभागनिहाय बेरीज द्या; एखाद्या प्रभागात दोन-तीनच माणसं असतील तर ती शेजारच्या प्रभागात मिळवा. नावं, फोटो अजिबात नकोत. ठिकाणांचा नकाशा फक्त आरोग्य पथक आणि निवारा कक्षाकडे ठेवा.