मालागा ते आर्कोस, दोघांनी गाडी चालवत: पार्किंग आणि शाकाहाराचं कसं?

पुणेकरीण: ऑक्टोबरात मालागाला उतरून आम्ही दोघं सहा दिवस स्पेनच्या अंदालुसियातली डोंगराळ गावं बघणार आहोत. यादीत रोंदा, सेतेनिल, ग्राझालेमा, झाहारा, आर्कोस आणि जमलं तर आल्पुहारा. गाडी कोणती घ्यावी? गावात आत नेता येते का? नवरा अंडंही खात नाही.

घाटवाट: आल्पुहाराला यातून काट मारा. रोंदाहून आल्पुहारातलं ओर्हिवा दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, एक अख्खा दिवस गाडीत जाईल. तीन रात्री रोंदा, दोन आर्कोस, एवढं पुरे. ग्राझालेमा ते झाहारा हा रस्ता उंच पालोमास घाटावरून जातो. अंतर जेमतेम १७ किलोमीटर, पण अर्ध्या तासाच्या खाली हिशोब धरू नका. अटलांटिकवरून येणारे ढग याच डोंगरांवर अडतात, म्हणून ग्राझालेमा स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत मोडतं. वर धुकं दिसलं तर सरळ ए-३७४ ने, धरणाच्या अंगाने झाहारा गाठा. पेट्रोल रोंदातच भरून निघा.

डावीस्टिअरिंग: गाडी लहानातली लहान घ्या, बॅगा दोनच. ऑटोमॅटिक महाग पडते आणि कमी असते, आधीच बुक करा. डाव्या बाजूला बसून उजव्या हाताने गिअर टाकत चढ चढण्यापेक्षा ते पैसे सत्कारणी लागतात. सवय नसताना गाडी नकळत उजवीकडे सरकते आणि उजवं चाक फुटपाथच्या कडेला घासतं. टायर आणि रिम बऱ्याच विम्यांत धरलेले नसतात. ते वाचूनच सही करा, आणि गाडी ताब्यात घेताना चारही रिमचे फोटो काढा.

आर्कोसच्या जुन्या गावात मुळीच शिरू नका. मॅपमध्ये हॉटेलचं नाव टाकलंत की तो तुम्हाला अशा बोळात नेतो जिथे आरसे मिटूनही भिंत लागते, आणि मग उलटं, चढावर, मागे गाडी. मॅपमध्ये पासेओ दे आंदालुसियाचं पार्किंग टाका, तिथे गाडी लावून वर पायी जा. सेतेनिल, झाहाराही तसंच: खाली लावा. पांढरे पट्टे फुकट, निळे पैसे भरून, पिवळ्या रेषेवर अजिबात नाही.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही सोबत हवं. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. दोघं चालवणार असाल तर दुसरं नाव करारात घाला, नाहीतर त्या वेळचा विमा गेला.

घाटवाट: भर घालतो. पंपावर गोल खूण पेट्रोलची, चौकोनी डिझेलची. ‘गासोलेओ’ म्हणजे डिझेल, ऐकायला गॅसोलीनसारखं वाटतं म्हणून लोक हमखास फसतात. साध्या रस्त्यांवर ९० ची मर्यादा, गावात बहुतेक ३० ची.

भाजीभाकर: ताई, खाण्यासाठी नुसतं ‘वेहेतारियानो’ म्हणू नका, सॅलडवर ट्यूना येतो. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन वेबो’ (मांस, हॅम, मासे, अंडं नको) असं एकेक सांगा. साल्मोरेखो हे थंड, दाट सूप, मुळात टोमॅटो, पाव, लसूण, ऑलिव्ह तेल एवढंच. वरून हॅम आणि अंडं पेरतात, ते काढायला सांगा. मधातली वांगी मिळतील, पण पिठात अंडं आहे का आणि तळण माशांचं आहे का, दोन्ही विचारा. डाळी-चण्याच्या रश्शात सॉसेज असतंच असं धरून चाला. स्वयंपाकघर साधारण चार ते साडेआठ बंद, त्यामुळे दुपारचं जेवण तीनच्या आत उरका. दुकानंही दुपारी दोननंतर मिटतात. पाव, टोमॅटो, फळं सकाळीच गाडीत टाका.