निकाल, रीव्हॅल (फेरतपासणी) आणि 'साहेब मीटिंगला गेलेत' : तुमचे अनुभव लिहा

भाचीचा चौथ्या सेमचा निकाल लागला. बाकी सगळ्यात पास, एका विषयात इंटर्नलला (कॉलेजातच होणाऱ्या परीक्षेला) 'एबी', म्हणजे गैरहजर. परीक्षा तिने दिली होती. कॉलेजच्या गुणतक्त्यात तिच्या नावापुढे १६ मार्क आहेत, खाली सरांची सही आहे. कॉलेज म्हणतं, आम्ही मार्क अपलोड केले. विद्यापीठ म्हणतं, आमच्याकडे आलेच नाहीत. दोघंही खरं बोलत असतील, पण मार्क मधल्यामध्ये कुठे गेले हे शोधायचं काम भाचीचं. कॉलेजातून पत्र घ्यायचं, गुणतक्त्याची साक्षांकित प्रत जोडायची, परीक्षा विभागात नेऊन द्यायची. तोवर मार्कशीटवर नापास.

असले किस्से प्रत्येकाकडे असतील. विद्यापीठाचं आणि माणसांचं नाव नको. काय झालं आणि कशाने सुटलं (सुटलं असेल तर) ते लिहा.

बॅकबेंचर_सिव्हिल

मेकॅनिक्सला ३१, म्हणजे नापास. पेपर इतका वाईट गेला नव्हता, म्हणून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. पाचवा प्रश्न मी पुरवणीत शेवटच्या दोन पानांवर सोडवला होता. त्या पानांवर बरोबरची खूण नाही, चूकची नाही, लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही. मुखपृष्ठावरच्या चौकटीत प्रश्न ५ समोर आडवी रेघ. म्हणजे पुरवणी उलटून बघितलीच नाही.

खरी मजा पुढे. फोटोकॉपी हातात आली तोवर रीव्हॅलची लिंक बंद. खिडकीवरचं उत्तर : "दोन्ही फॉर्म एकदमच भरायचे होते." पेपर बघायच्या आधीच तो चुकीचा तपासलाय हे मला कसं कळणार, यावर उत्तर नाही. अर्ज दिला, तो 'विचाराधीन' राहिला. पुढच्या वेळी पेपर देऊन केटी (राहिलेला विषय) काढली. पण मधल्या काळात ज्या कंपन्या कॅम्पसला आल्या त्यांची 'नो लाइव्ह बॅकलॉग'ची, म्हणजे एकही विषय राहिलेला नको अशी अट होती. ते काही परत मिळत नाही.

पेपर_तपासणारी

दुसरी बाजू सांगते, शिव्या घाला हवं तर. कॅप सेंटरवर (जिथे पेपर एकत्र आणून तपासतात) दिवसाला अमुक इतके पेपर झालेच पाहिजेत असं असतं. कॉलेजची लेक्चर्सही सोडता येत नाहीत. दुपारी चारनंतर शंभरावा तोच भूकंपरोधक बांधकामाचा प्रश्न वाचताना डोळे नुसते ओळींवरून फिरतात. पुरवणी सुटणं अक्षम्य आहे, पण ते कसं होतं हे मला माहीत आहे.

वर कायद्याचं घड्याळ. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा. हेतू चांगलाच, पण तपासणारे वाढवल्याशिवाय मुदत पाळायची म्हटलं की घाई पेपरवरच निघते. आणि घाईत यंत्रणा बदलली की काय होतं ते २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात सगळ्यांनी पाहिलं. ऑनस्क्रीन (संगणकावर) तपासणी एका दमात लागू केली, निकाल रखडले, राज्यपालांना ३१ जुलैची मुदत घालावी लागली, तीही हुकली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना जावं लागलं. तरी माझं मत स्क्रीनच्या बाजूने आहे. निदान बेरीज तरी यंत्र करतं.

सहा_पूर्णांक_पंच्याहत्तर

माझा सीजीपीए (सगळ्या सेमची मिळून दहापैकी सरासरी) ६.७५. नोकरीच्या फॉर्मवर 'टक्केवारी लिहा', किमान ६०. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्याप्रमाणे ६.७५ म्हणजे बरोब्बर ६०. सरळ दहाने गुणलं तर ६७.५. सीबीएसई या शालेय बोर्डाचा जुना ९.५ चा गुणाकार लावला तर ६४ च्या वर. तीनही आकडे माझ्याच मार्कशीटचे!

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१५ मध्ये श्रेयांक पद्धतीसाठी दहा अंकांची पट्टी सुचवली, सगळ्यात वरची श्रेणी 'ओ' म्हणजे १०, नुसतं पास 'पी' म्हणजे ४. पण टक्केवारी करायचं सूत्र ज्याच्या त्याच्या विद्यापीठाचं. आमच्या मार्कशीटच्या मागे काहीच छापलेलं नव्हतं. मग 'रूपांतर प्रमाणपत्रा'साठी वेगळा अर्ज, वेगळं चलन. नोकरीची कागदपत्रं तपासणीची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. शेवटी कॉलेजच्या प्राचार्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं, ते चाललं. कशाच्या आधारावर चाललं, विचारू नका.

स्वायत्त_आणि_त्रस्त

आमच्याकडे रिलेटिव्ह ग्रेडिंग, म्हणजे श्रेणी बाकी वर्गाच्या तुलनेत. ७८ मार्कांना 'बी', कारण वर्ग हुशार. शेजारच्या तुकडीत वेगळे सर, तिथे ६४ ला 'ए'. तक्रार केली तर 'कर्व्ह बघा' (वर्गाच्या मार्कांचा आलेख) म्हणतात. बघायला मागितला तर तो गोपनीय. वाईट म्हणजे मित्राला नोट्स देताना हात आखडायला लागला.

आईचं_नाव_सुनंदा

मार्कशीटवर 'सुनदा'. अनुस्वार पोर्टलने खाल्ला असणार, कारण मी भरलेल्या फॉर्मच्या प्रिंटवर तो आहे. तरी प्रतिज्ञापत्र मलाच करायला लावलं. पदवीवर परत 'सुनदा'. सोडून दिलं.

आतल्या_बाजूचा

मी काही वर्षं खिडकीच्या आत होतो, कंत्राटी. तुम्हाला वाटतं समोरच्याने एक बटण दाबलं की काम होईल. बटण आमच्याकडे नसतं. 'एबी' चे मार्क दुरुस्त करायला टिपणी लिहायची, ती कक्ष अधिकाऱ्याकडे, तिथून सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, मग परीक्षा संचालक. वाटेत कोणी 'खुलासा मागवा' लिहिलं की फाइल परत खाली. साहेब मीटिंगला गेलेत हे बहुतेक वेळा खरंच असायचं.

आमच्यातही टाळाटाळ करणारे होते, नाही म्हणत नाही. पण एक सांगतो : आवक क्रमांक घेतल्याशिवाय अर्ज देऊन येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर. नंबर असलेला अर्ज रजिस्टरमध्ये असतो, तो कोणाच्या टेबलावर अडला ते सांगावं लागतं. नुसता 'ठेवून जा' म्हणून घेतलेला कागद आमचा आम्हालाही सापडायचा नाही.

दार_उघडा

नंबरवाला सल्ला लाख मोलाचा. त्याला जोड म्हणून माहिती अधिकार. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि परीक्षार्थी ती पाहू शकतो. तपासणाऱ्याचं नाव मात्र मिळणार नाही. २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात हेही सांगितलं की संस्थेची स्वतःची योजना आणि माहिती अधिकार हे दोन्ही मार्ग खुले आहेत, निवड परीक्षार्थ्याची. संस्थेच्या फीपेक्षा १० रुपयांचा अर्ज आणि पानामागे २ रुपये बरेच स्वस्त पडतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. याने पेपर दिसतो, मार्क वाढत नाहीत. रीव्हॅलचा हक्क विद्यापीठाच्या नियमांतूनच येतो, तेव्हा ती मुदत वेगळी सांभाळा. आणि उत्तर द्यायला ३० दिवस असतात, उत्तरपत्रिका ठरावीक काळाने नष्ट करतात, म्हणून निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाका. मी फाइलची टिपणीही मागितली होती. अर्ज पोचल्यावर फाइल आपोआप हलली, टिपणी वाचायची वेळच आली नाही.

तिसरं_वर्ष

@दार_उघडा, माहिती अधिकार टाकला तर पुढच्या सेमला डूख धरतात का? घरचे घाबरवतायत.

दार_उघडा

लेखी पेपरला नाही. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, तपासणाऱ्याला तू कोण ते कळत नाही. इंटर्नल कॉलेजच्या हातात असतं, तिथे मात्र छातीठोक सांगू शकत नाही. माझ्या मित्राला त्यानंतरच्या सेमला तोंडी परीक्षेत २५ पैकी ११ आले. आधी कधी २० च्या खाली नव्हते. तोंडीची फोटोकॉपी कुठून मागवणार?