पेंटेकॉस्टची नोव्हेना घरी, मराठीतून कशी करावी?

नंदाखालची_मडगावात

माहेर नंदाखाल, सासर मडगाव. दोन्हीकडचं चर्च पवित्र आत्म्याच्या नावाचं, त्यामुळे पेंटेकॉस्ट, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस, हा माझ्यासाठी लहानपणापासून घरचाच सण. फरक एवढाच की वसईत आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, इथे सगळं कोंकणीत आणि पुस्तकं रोमन लिपीत. कोंकणी मला आता बोलता येते, बाजारात भांडताही येते. पण डोळे मिटले की तोंडात मराठीच येते, त्याला इलाज नाही.

यंदा पेंटेकॉस्ट २४ मेला. दर वर्षी ठरवते की आधीचे नऊ दिवस प्रार्थनेचे, म्हणजे नोव्हेनेचे, नीट पाळायचे, आणि दर वर्षी ते पुरुमेंतात वाहून जातात. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मडगावच्या फेस्ताची फेरीच, म्हणजे चर्चच्या सणाची जत्राच, त्या नावाने ओळखली जाते. अंगणात सोलं वाळताहेत, गच्चीवर मिरच्या, सासूबाई, म्हणजे आमची मांय, सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडायला बसली की दर पाच मिनिटांनी मला हाक. मुलांना सुट्टी, नवऱ्याला आयपीएल. संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळ, घरात होतो तो मांयच्या धाकाने. त्याला नोव्हेना जोडून पाहिली, तर धाकटा जमिनीवर आडवा.

तर प्रश्न असे. नोव्हेना नेमकी कुठल्या दिवशी सुरू करायची? आपल्याकडे येशूच्या स्वर्गारोहणाचा सण रविवारी करतात, यंदा १७ मेला. तिथून मोजलं तर पेंटेकॉस्टपर्यंत नऊ दिवस भरतच नाहीत. दुसरं म्हणजे पवित्र आत्म्याची दानं, म्हणजे तो देतो ते गुण, सात आणि दिवस नऊ. रोज एक दान धरलं तर उरलेल्या दोन दिवसांचं काय करायचं? आणि मोठी दहा वर्षांची, धाकटा सहाचा, त्यांना झेपेल असं काय?

एक विनंती. ‘पहिल्या पेंटेकॉस्टला प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं, तेव्हा तुम्ही खुशाल मराठीत प्रार्थना करा’ असं कृपया कोणी लिहू नका. ते मला पटलेलं आहे, आणि प्रवचनात दर वर्षी ऐकते. मला वेळापत्रक हवंय.

दोतोर्न_शिकवणारी

बाय, वेळापत्रकच देते. सण रविवारी सरकवला तरी नोव्हेना सरकत नाही. ईस्टरपासून चाळिसावा दिवस, म्हणजे खरा स्वर्गारोहणाचा, गुरुवारी येतो, यंदा १४ मेला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी १५ला सुरू कर, शनिवारी २३ला संपते. मोजून बघ. रविवारी मधेच स्वर्गारोहणाची मिस्सा येईल आणि मुलं विचारतील, येशू अजून वर गेलाच नाही तर शुक्रवारपासून आपण वाट कुणाची बघतोय? माझ्या दोतोर्नच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात हा प्रश्न यायचाच. मी सांगायचे, रविवार लोकांच्या सोयीसाठी, मोजणी बायबलची.

ही नोव्हेना कुणा संताच्या नावाने मागाहून जुळवलेली नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय काढ. शिष्य, काही स्त्रिया आणि येशूची आई मरिया माडीवरच्या खोलीत एकदिलाने प्रार्थना करत होती. सगळ्या नोव्हेनांचं मूळ तिथे धरतात. साऱ्या चर्चने ती दर वर्षी करावी असं पोप लिओ तेरावे यांनी १८९७ साली ठरवून दिलं. आणि ही मंडळी नुसती डोळे मिटून बसली नव्हती हो! यहूदाची जागा रिकामी पडली होती, तिथे कोण, हा प्रश्न त्याच दिवसांत निघाला आणि चिठ्ठ्या टाकून मथियाची निवड झाली. मथियाचा सण १४ मेला असतो, यंदा नेमका चाळिसाव्या दिवशी. मुलांना चिठ्ठ्यांची गोष्ट भारी आवडते. पहिल्या दिवशी तीच वाच.

आता सात आणि नऊ. जुन्या नोव्हेनेत पहिला दिवस खुद्द पवित्र आत्म्याचा. दुसऱ्यापासून एकेक दान घ्यायचं: ईश्वरभय, भक्ती, धैर्य, ज्ञान, समज, सल्ला आणि आठव्या दिवशी सुज्ञता. नववा दिवस आत्म्याच्या फळांचा, गलतीकरांच्या पत्रातली प्रीती, आनंद, शांती ही. यशयात हा क्रम जवळजवळ उलटा आहे, तिथे सुज्ञता पहिली आणि भय शेवटी. नोव्हेना खालून वर चढते असं समज.

तेर्साला मात्र जोडू नकोस. तेर्स संपला की मुलं जेवणाकडे बघत असतात. दुपारी बाराची घंटा झाली की कर. ईस्टरच्या काळात नेहमीच्या आंजेलूस प्रार्थनेच्या जागी स्वर्गाच्या राणीची प्रार्थना असते, ती पेंटेकॉस्टपर्यंतच. ती उभ्याने म्हणायची, त्या दिवसाचं दान सांगायचं, दोन मिनिटं गप्प आणि शेवटी एक प्रभूची प्रार्थना. बस्स. कोण कुठल्या भाषेत म्हणतो ते मी विचारत नाही, तू मनाई केली आहेस.

म्हापशाचा_वाचक

माझं मत थोडं निराळं. रोज एक दान म्हटलं की मला शाळेचे तास आठवतात, भक्तीची घंटा झाली, धैर्याची वही काढा. मुलांसाठी ठीक आहे. तुमच्या स्वतःसाठी त्या दिवसांतली मिस्साची वाचनं घ्या. मोबाइलवर मिळतात, मराठीतलं बायबल तर घरात असेलच.

सोमवार १८चं पहिलं वाचन बघा, कृत्ये, अध्याय १९. पौल इफिसला पोचतो, तिथे काही शिष्य भेटतात. तो विचारतो, तुम्ही विश्वास ठेवलात तेव्हा तुम्हाला पवित्र आत्मा मिळाला का? ते म्हणतात, पवित्र आत्मा असतो हेच आम्ही कधी ऐकलं नाही! माझं दृढीकरण, म्हणजे पवित्र आत्मा मिळण्याचा संस्कार, रीतसर झालंय. बिशपांनी कपाळाला तेल लावल्याचं आठवतं, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी पाद्रिन्याने, म्हणजे धर्मपित्याने, दिलेलं घड्याळ जास्त आठवतं. त्या इफिसकरांच्या बाकावर मला सहज जागा मिळेल. हे एकच वाचन मी दिवसभर घेऊन फिरतो.

मंगळवार ते गुरुवार योहानाचा सतरावा अध्याय आहे, येशू आपल्या माणसांसाठी पित्याकडे बोलतो तो. शुक्रवारी पेत्राला तीनदा विचारलेला प्रश्न. पहिल्या वाचनात तेव्हा पौल कैदेत असतो. या सबंध आठवड्यात वारा नाही, अग्नी नाही, निरोपच निरोप आहेत. तयारी म्हणून मला एवढं पुरतं. मोठ्या आवाजातल्या प्रार्थनासभा मला झेपत नाहीत. माझी बहीण मात्र तिथूनच ताजी होऊन येते, त्यामुळे त्यावर मी वाद घालणार नाही.

मिरचीवाला_मडगाव

मी ख्रिस्ती नाही, पण धाग्यात पुरुमेंत निघालं म्हणून बोलतो. फेरीत मिरची, चिंच, सोलं विकणं हा आमचा वडिलांपासूनचा धंदा. ताई, या नऊ दिवसांत खरेदीची घाई करू नका. खोल्याची मिरची काय, हरमलची काय, सगळ्यांना पहिल्या दिवशीच हवी असते, म्हणून भावही पहिल्याच दिवशी चढा असतो. फेस्त २४ला, पाऊस गोव्यात साधारण ५ जूनच्या आसपास. मधे वाळवायला भरपूर ऊन आहे. प्रार्थना उरका आणि मग या. हे मी सांगितलं असं मात्र तुमच्या मांयला कळू देऊ नका, आमचं जुनं गिऱ्हाईक असेल!

नंदाखालची_मडगावात

मिरचीवाले भाऊ, तुमचा सल्ला या धाग्यातला सगळ्यात उपयोगी. मांयला पटणार नाही ते वेगळं.

बाराची वेळ पक्की. दानं मुलांसाठी, वाचनं माझ्यासाठी, तीही पहाटे, मांय उठायच्या आत. म्हापशाचे दादा, इफिसकरांचं ते वाचन मी आयुष्यात अनेकदा ऐकलं असणार आणि एकदाही कानात शिरलं नाही.

पण मोठीने काल एक विचारलं. नाताळला आपण घर झाडतो, गोठा करतो, नेवऱ्या करतो. ईस्टरच्या आधी उपवास असतो. पेंटेकॉस्टसाठी करायचं काय? फक्त म्हणायचंच का सगळं? मी म्हटलं, लाल कपडे घालायचे. तिने ज्या नजरेने पाहिलं, ती मी मांयकडे पाहते तेव्हाची माझीच नजर.

दोतोर्न_शिकवणारी

पोरगी हुशार आहे. तिला रविवारचं शुभवर्तमान आधीच वाचून दाखव. कृत्यांतला वारा आणि अग्नीच्या जिभा हे पहिलं वाचन, मुलं चित्र काढतात ते त्याचंच. शुभवर्तमान योहानाच्या विसाव्या अध्यायातलं आहे आणि त्यात यातलं काही नाही. दारं लावून घेतलेली खोली, घाबरलेली माणसं. येशू येतो, शांती असो म्हणतो, त्यांच्यावर श्वास फुंकतो, पवित्र आत्मा घ्या म्हणतो. आणि लगेच पुढचं वाक्य कशाचं? तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल, त्यांची क्षमा झाली. आत्मा आणि क्षमा यांच्या मधे एक शब्दही नाही. ज्यांच्यावर तो फुंकर घालतोय ते त्याला सोडून पळालेले लोक होते, हेही तिला सांग.

म्हणून मी वर्गात म्हणायचे, या नऊ दिवसांत करायची गोष्ट ही: कुमसार करा, म्हणजे पाद्रीकडे पापांची कबुली द्या, आणि कुमसाराला जाण्याआधी ज्याच्याशी अबोला असेल त्याच्याशी बोला. दानांची नावं पाठ झाली नाहीत तरी चालेल. मुलं हे पटकन करतात, कट्टी मोडायला त्यांना संध्याकाळ पुरते. अडतं ते त्यांना आणायला आलेल्या आयांचं.

नंदाखालची_मडगावात

टीचर, हे तुम्ही लिहायला नको होतं.

थोरल्या जावेशी माझा अबोला आहे. कारण माडांची वाटणी, दुसरं काय असणार. तीही आमच्याच इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, येते, पलीकडच्या रांगेत बसते. मिस्सात शांती द्यायची वेळ आली की आम्ही दोघी अगदी शिस्तीत उलट्या दिशांना वळतो. मुलांना ते दिसतं. मोठीने चुलत बहिणीचा वाढदिवस मला न सांगता फोनवर साजरा केला, तोही मला नंतर कळला. माडांच्या बाबतीत माझं म्हणणं आजही बरोबरच आहे असं मला वाटतं, आणि खरी अडचण तीच आहे.

धैर्य चौथ्या दिवशी येतं ना? म्हणजे सोमवारी १८ला. त्या दिवशी जाऊन येते. रिकाम्या हाताने मला जमणार नाही, मिसकूटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, बरणी नेईन.

दोतोर्न_शिकवणारी

बरणी ने. पण नुसती दारात ठेवून यायची की आत बसून बोलायचं, ते घरून निघतानाच ठरव. आणि माडांचा विषय त्या दिवशी काढू नकोस, तू बरोबर असलीस तरी. विशेषतः बरोबर असलीस तर.

म्हापशाचा_वाचक

शनिवारी २३च्या संध्याकाळी तुमच्या इगर्जीत जागरणाची मोठी मिस्सा आहे का, ते नोटीसबोर्डावर बघा. सगळीकडे पूर्ण करत नाहीत. असेल तर चुकवू नका. बाबेलचा बुरूज, सिनाय पर्वतावरचा धूर, यहेज्केलाच्या खोऱ्यातली सुकी हाडं, योएलाची भविष्यवाणी, अशी वाचनं असतात. हाडं खडखडत एकमेकांना जुळतात त्या ठिकाणी तुमचा धाकटा नक्की उठून बसेल.

रविवारी मुलांना पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती मात्र दाखवा. पेंटेकॉस्टनंतर ती वेदीजवळून हलवून बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे नेतात.

नंदाखालची_मडगावात

शनिवारची मिस्सा आहे, आत्ताच फोन करून विचारलं. लांबते का फार?

म्हापशाचा_वाचक

लांबते. धाकट्याला जेवू घालूनच न्या. त्याचं पहिलं कोमुन्यांव, म्हणजे मिस्सातला ख्रिस्तप्रसाद, अजून व्हायचं असणार, त्याला उपवासाचा प्रश्न नाही. तुम्ही आणि मोठी कोमुन्यांव घेण्याच्या तासभर आधीपासून काही खाऊ नका, आणि पुढचे बाक सोडून पंख्याखाली बसा.