मुलाला अमेरिकन फुटबॉलमध्ये कोच व्हायचंय, कुठलं कॉलेज घ्यावं?

सायली_ह्यूस्टन
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. लेक चार वर्षं कॉलेजच्या टीमसोबत स्टुडंट मॅनेजर होता, आता मास्टर्स करता करता ग्रॅज्युएट असिस्टंट (शिकत असतानाच कोचच्या हाताखाली काम करणारा मदतनीस) व्हायचंय आणि पुढे हेड कोच. दोन ठिकाणांहून विचारणा आलीये. एक दक्षिणेतलं मोठं नावाजलेलं कॉलेज, पण तिथला हेड कोच राहतो की जातो अशी चर्चा चाललीये. दुसरं मिडवेस्टमधलं लहान कॉलेज, तिथे कोच सहा वर्षं टिकून आहे. आम्हा दोघांना क्रिकेटपलीकडे काही कळत नाही. या लाइनमध्ये एक जॉब चांगला आणि दुसरा वाईट हे ठरतं कशावर?

बॅटनरूजकर
ताई, मी लुइझियानात १४ वर्षं आहे म्हणून आधी इथलंच सांगतो. एलएसयूचा, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा हेड कोचचा जॉब सगळ्यांना का हवा असतो, तर राज्यात गुणी पोरं भरपूर आणि त्यांना ओढणारं दुसरं तेवढं मोठं कॉलेज राज्यात नाही. निक सेबन २००३ ला, लेस माइल्स २००७ ला, ऑर्जरॉन २०१९ ला, लागोपाठ तीन कोच इथे नॅशनल चॅम्पियन झाले, तिघांचे स्वभाव आणि पद्धती एकदम वेगळ्या. म्हणजे जागेतच दम आहे. पण तोच ऑर्जरॉन २०२१ च्या सीझननंतर घरी गेला, जिंकून दोन वर्षं झाली फक्त. अलाबामा राज्यातल्या ऑबर्न कॉलेजने तर २०१० चं विजेतेपद मिळवून देणाऱ्या कोच चिझिकला २०१२ लाच काढलं, कारण त्या वर्षी टीम १२ पैकी ९ मॅच हरली, आणि त्याच राज्यातली अलाबामा युनिव्हर्सिटी मात्र विजेतेपदं जिंकत होती. म्हणून मी आधी बघतो गाडीने चार तासांच्या आत किती चांगली पोरं आहेत, आणि लगेच दुसरं म्हणजे हरल्यावर किती दिवस थांबतात. पगार त्यानंतर.

रेड_रिव्हर
पैसा एवढा मागे नका ढकलू. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि २०२५ पासून कॉलेज स्वतः वर्षाला साधारण २ कोटी डॉलरपर्यंत वाटू शकतं, त्यामुळे श्रीमंत बूस्टर (टीमला पैसे देणारे चाहते) नसतील तर चांगली पोरं ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलण्याच्या यादीत नाव घालून, निघून जातात.

बॅटनरूजकर
मान्य, पण पैसा म्हणजे सगळं नाही ना. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये हेड कोच जिम्बो फिशरला काढताना ७.५ कोटी डॉलरच्या वर बायआउट (करार मध्येच मोडल्याची भरपाई) कबूल केला, तेलाचा पैसा, टेक्ससची पोरं, सगळं असून.

लिंकन_नेब्रास्का
आमच्या नेब्रास्काचं उदाहरण घ्या. इथलं स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक मॅचला फुल्ल, कोच टॉम ऑस्बोर्नने ९० च्या दशकात तीन विजेतेपदं दिली. त्याच्या मागून आलेल्या सोलिचला २००३ मध्ये ९ जिंकून ३ हरल्यावर काढलं. पेलिनी सात वर्षं दरवर्षी किमान ९ मॅच जिंकला, तोही गेला. राज्यात मुळात माणसंच कमी, खेळाडू बाहेरून आणायचे, आणि अपेक्षा मात्र ऑस्बोर्नच्या काळातल्या. शेजारच्या आयोवातही पोरं कमीच, पण तिथे फेरेंट्झ १९९९ मध्ये आला, पहिल्या वर्षी ११ पैकी एकच मॅच जिंकला, तरी त्याला ठेवलं आणि तो अजून तिथेच आहे. मला विचाराल तर आयोवाचा जॉब आमच्यापेक्षा चांगला, आणि हे मी नेब्रास्काचा लाल शर्ट घालून लिहितोय.

ओहायोकर
सायलीताई, हे सगळं हेड कोचसाठी झालं, तुमच्या मुलाचा प्रश्न जरा वेगळा आहे. हेड कोच गेला की बहुतेक वेळा त्याचा अख्खा स्टाफ जातो, पोझिशन कोचपासून (एकेका जागेच्या खेळाडूंना शिकवणारे) ॲनालिस्टपर्यंत, आणि नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो. म्हणून मी तर कॉलेज सोडून कोच कोण ते बघेन. २०१६ पासून जॉर्जियाचा हेड कोच असलेला कर्बी स्मार्ट फ्लोरिडा स्टेटला बॉबी बाउडेनच्या हाताखाली ग्रॅज्युएट असिस्टंट होता, मग सेबनकडे शिकला. डॅन लॅनिंग २०१५ ला अलाबामात ग्रॅज्युएट असिस्टंट होता, २०२२ पासून ओरेगनचा हेड कोच. आणि लहान कॉलेजला कमी समजू नका, आमच्या ओहायोतल्या मायामी युनिव्हर्सिटीला कोचेसचा पाळणाच म्हणतात, गाजलेले कोच वुडी हेज ओहायो स्टेटला यायच्या आधी तिथेच होते. लहान ठिकाणी माणसं कमी म्हणून पोराला फिल्म कापण्यापलीकडे (मॅचचे व्हिडिओ तोडून तयार करणं) प्रत्यक्ष ड्रिल, म्हणजे खेळाडूंचा सराव, घ्यायला मिळतं, हे त्याने नक्की विचारावं.

सायली_ह्यूस्टन
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री बसून नवऱ्याला वाचून दाखवलं. लेकाला फोन केला, तर त्या मोठ्या कॉलेजच्या कोचचा करार किती वर्षं उरलाय हे त्याने बघितलंच नव्हतं. शुक्रवारी लहान कॉलेजवाल्यांशी त्याचा कॉल आहे, तेव्हा ड्रिलचं आणि आधीचे असिस्टंट पुढे कुठे लागले ते विचारणार आहे. ओहायोकर दादा, फीमाफी आणि स्टायपेंडबद्दल काय विचारायचं तेही सांगाल का? हातात थोडेच पैसे मिळतात म्हणे, मग राहण्याचं कसं करतात ही मुलं?