नामांतराला विरोध करणारे सगळे एकाच मापाने मोजावेत का?

प्रश्न (परभणी)
२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा माझे आजोबा विरोधात होते. ‘मराठवाडा’ ही आपली ओळख पुसली जाईल, असे त्यांना मनापासून वाटे आणि ते मोर्चालाही गेले होते. त्यांनी कुणावर हात उगारला नाही. पण त्याच आंदोलनात पुढे दलित वस्त्या जाळल्या गेल्या. मुलांना हे सांगताना माझी जीभ अडखळते. आजोबांना आणि जाळपोळ करणाऱ्यांना एकाच रांगेत बसवावे का?

उत्तर (नांदेड)
बसवू नये, आणि हे मी आमच्या जिल्ह्यातील टेंभुर्णीचे दलित ग्रामस्थ पोचिराम कांबळे यांची त्याच हिंसाचारात झालेली हत्या विसरून म्हणत नाही. अस्मितेसाठी सभा घेणारा, ‘यांना डोक्यावर बसवले’ असे पारावर बोलणारा, वस्तीची मजुरी बंद करणारा आणि रॉकेलचा डबा घेऊन निघालेला, या चौघांचा दोष वेगवेगळाच मोजला पाहिजे. मात्र चौथा माणूस पहिल्याच्याच घोषणा देत आला होता. म्हणून विचारतो, वस्त्या जळाल्याचे कळल्यावर आपले आजोबा पुन्हा मोर्चाला गेले का?

उत्तर (लातूर)
दोषाच्या कमी-अधिकपणातला भेद विसरला की काय होते, हे आपल्या प्रदेशाने १९४८ मध्ये पाहिले आहे. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी लोकांना छळले, हे खरेच; पण निजामाच्या राज्यातले सगळे मुसलमान रझाकारांचे नेते कासिम रझवी यांच्या मागे नव्हते. भारतात विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’ या वृत्तपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची त्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत हत्या झाली. तरीही हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या लष्करी ‘पोलीस कारवाई’नंतर सूड उगवणाऱ्यांनी रझाकार कोण आणि साधा शेजारी कोण, हे पाहिले नाही. या हिंसेच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड होते. शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही त्याच अहवालात आहेत.

प्रश्नकर्ता
नांदेडच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर वडिलांना विचारून लिहितो आहे. आजोबा पुन्हा मोर्चाला गेले नाहीत. आमच्या सालगड्याचे घर जळालेल्या वस्तीत होते, पण ते त्याच्या दारापर्यंतही गेले नाहीत. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘मराठवाडा’ कायम ठेवून आंबेडकरांचे नाव जोडणारा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या दिवशी ते ओट्यावर बसून होते आणि सालगड्याचे नाव घेऊन एकदाच म्हणाले, ‘त्याच्याकडे जायला हवे होते.’